"चिकात आला की काप" म्हणजे नेमकं कधी? मुरघासाचा मका कापायची वेळ

आमच्याकडं कुणालाही विचारा, मुरघासाला (हिरवी वैरण बारीक करून, हवा न लागू देता आंबवून साठवतात त्याला) मका कधी कापायचा? उत्तर ठरलेलं: "चिकात आला की काप." मीही ते ऐकूनच पहिल्या वर्षी कापला. वीस गुंठे मका, नऊ टन माल, पिशव्या ओळीनं लावल्या आणि स्वतःवरच खूश झालो. दीड महिन्यानं पहिली पिशवी फोडली तर तळाला बादलीभर काळपट पाणी. वास असा की आईनं लांबूनच नाकाला पदर लावला. थोरल्या म्हशीनं गव्हाणीत तोंड घातलं, फुर्र केलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या वर्षी शहाणा झालो. "जरा पिकू दे" म्हणून थांबलो, त्यात कुट्टीवाला (मशीननं वैरणीचे बारीक तुकडे करून देणारा) आठ दिवस उशिरा आला. या खेपेला वास चांगला होता, पण शेणात अख्खे पिवळे दाणे. उकिरड्यावर शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची जत्रा. मका मी पिकवला, अंडी शेजाऱ्यांनी खाल्ली.

दोन्ही वर्षी बियाणं तेच, रान तेच, पिशव्या त्याच. चुकली ती फक्त कापायची वेळ. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला राहतो. फौंड्रीत शिफ्ट करतो आणि पाच म्हशींचं दूध गावच्या संस्थेला घालतो. पहिल्यांदाच मुरघास करणाऱ्यांनी माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नयेत म्हणून जे समजलंय ते ओळीनं लिहितो.

आधी सामान गोळा करा

- विळे आणि कुट्टी मशीन (भाड्याचं असेल तर दोन ठिकाणी शब्द टाकून ठेवा)
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- एक जुनी लोखंडी कढई, जी परत स्वयंपाकाला लागणार नाही
- आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या मुरघास पिशव्या, किंवा खड्डा असेल तर जाड प्लास्टिक आणि वर ठेवायला जुने टायर किंवा मातीची पोती
- सुतळी आणि छिद्रं बुजवायला रुंद चिकटपट्टी
- वही. हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग वहीचाच झाला.

कुट्टी मशीन अनुदानावर घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर) अर्ज करावा लागतो. सातबारा, आठ-अ, आधार, आधारला जोडलेलं बँक खातं आणि फार्मर आयडी तयार ठेवा. पूर्वसंमती मिळायच्या आत मशीन विकत घेऊन बसू नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आमच्या गल्लीत दोघांचं अनुदान असंच गेलं.

१. किती लागणार आणि कधी लागणार

कोल्हापुरात वैरणीचं वर्ष उसावर चालतं. कारखाने सुरू झाले की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मिळतात आणि जनावरं तीन-चार महिने त्यावर निघतात. (नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका. वाढ्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगातलं कॅल्शियम अडकतं. खनिज मिश्रण चालू ठेवा.) मार्चअखेर तोडी संपल्या की खरी ओढ लागते. पावसाळ्यात हिरवं असतं, पण चिखलातनं आणणार कोण? म्हणून मी एप्रिल ते जुलै असे १२० दिवस धरतो.

एका म्हशीला दिवसाला १५ किलो. ५ म्हशी गुणिले १५ किलो गुणिले १२० दिवस, झाले ९ टन. नासधूस धरून साडेदहा टन भरायचे. योग्य वेळी कापलेला मका माझ्या रानात गुंठ्याला चार क्विंटलच्या आसपास पडतो, म्हणजे २६-२७ गुंठे पेरायचे. तुमच्या रानाचा आकडा वेगळा येईल.

२. पेरतानाच कापणीचा महिना बघा

जूनमध्ये पेरलेला मका ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात तयार होतो. तेव्हा राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडं पाऊस उघडीप देईलच याचा भरवसा नाही. पानावर पाणी, पायाखाली चिखल, आणि चिखल कुट्टीत गेला की मातीतले नको ते जिवाणू पिशवीत गेले. शिरोळ-हातकणंगल्याकडं पाऊस कमी, तिथं खरीपाचा मका जमतो, पण नदीकाठच्या रानात पुराचा विचार हवाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काठच्या गावांनी काय बघितलं ते सांगायची गरज नाही. काठाला राहत असाल तर खड्डा नको. पिशव्या उंच जागी ठेवल्या तर जनावरांबरोबर वैरणही हलवता येते.

मला जमलेला हंगाम रब्बीचा. सोयाबीन निघालं की ऑक्टोबरअखेर पेरायचं आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत कापायचं. थंडीमुळं पीक जरा जास्त दिवस घेतं, पण दाणा सावकाश भरतो आणि कापायला पुरेसे दिवस मिळतात. खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेला ऊस) तुटल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पेरलेला उन्हाळी मका एप्रिल-मेमध्ये येतो. तेव्हा ऊन इतकं कडक असतं की आज हिरवा दिसणारा मका आठवड्यात हातचा जातो. वर वळवाचं भय.

पेरणी पुढं-मागं करून दोन तुकड्यांत केली, मध्ये आठ-दहा दिवस ठेवले, तर सगळा मका एकाच दिवशी अंगावर येत नाही. हे मात्र पेरायच्या आधीच सुचावं लागतं.

३. चीक ओळखायला शिका

सगळा घोळ या एका शब्दात आहे. घरात कुरडया करताना बघितलं असेल: भिजवलेला गहू वाटून गाळला की निघतो तोही चीक, आणि पातेल्यात शिजून पळीला चिकटतो तोही चीकच. पहिला पाण्यासारखा ओततो, दुसऱ्यात पळी उभी राहते. मक्याच्या दाण्याचंही असंच. दाणा "चिकात" दोन-तीन आठवडे असतो. सुरुवातीच्या चिकात कापलात तर माझं पहिलं वर्ष, शेवटच्या चिकानंतर कापलात तर माझं दुसरं वर्ष.

पहिलं काम, कणसाला केस बाहेर येतील ती तारीख वहीत लिहा. निम्म्या ताटांना केस दिसले की ती तारीख धरायची. पेरणीपासून दिवस मोजण्यापेक्षा हे बरं, कारण थंडी, पाणी आणि वाणाप्रमाणं पेरणीपासूनचे दिवस मागंपुढं होतात. बियाण्याच्या पिशवीवर छापलेले दिवस फक्त अंदाजाला ठेवा.

केस आल्यापासून २५ व्या दिवसानंतर दर तीन दिवसांनी रानात जा आणि पाच-सहा कणसं मोडा. बांधाकडेची नकोत, आतली घ्या. कणीस मधोमध मोडायचं आणि शेंड्याकडचा तुकडा हातात धरून मोडलेल्या बाजूकडं बघायचं. या बाजूनं दाण्याचा डोळा (जिथून कोंब फुटतो तो) दिसत नाही, सपाट पाठ दिसते. बघायचं तिथंच.

- दुधाळ: नख मारलं की पांढरं दूध अंगावर उडतं. भाजून खायला हाच दाणा गोड. मुरघासाला लवकर.
- घट्ट चीक: नख मारलं की दूध उडत नाही, शिजलेल्या चिकासारखं पांढरं लगद्यासारखं बाहेर येतं. अजून थोडं थांबा.
- रेघ दिसू लागते: दाण्याचा बाहेरचा माथा गडद आणि टणक, आतला भाग फिकट आणि मऊ. दोन्हींच्या मध्ये आडवी रेघ. ही रेघ दिवसागणिक माथ्याकडून आत, कणसाच्या दांड्याकडं सरकते. वरचा भाग पिठाळ झालेला, खालचा अजून ओला.
- रेघ अर्ध्यावर: हीच वेळ. अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत चालतं.
- रेघ संपली: दाण्याच्या बुडाला काळा ठिपका दिसला तर दाणा पूर्ण पिकला. हा मका धान्य म्हणून काढा.

रेघ डोळ्याला दिसेना तर दाण्याला सुरीचं टोक माथ्याकडून टोचत आत या, टणक संपून मऊ लागेल तिथं रेघ. गोल, गारगोटीसारखा टणक दाणा असलेल्या वाणात रेघ अंधुक असते, तिथं सुरी किंवा दात हाच उपाय.

आता वेळेवर एवढा भर का? रेघ सरकते तसा दाण्यात स्टार्च साठत जातो, आणि मुरघासातली ताकद बरीचशी त्या स्टार्चची असते. दुधाळ मका हिरवागार, उंच, बघायला देखणा, पण त्यात दाण्याचं पीठच झालेलं नसतं. दुसरीकडं दाणा जितका पिकतो तितका टणक होतो, आणि धाट-पानाचा तंतू जून होतो. म्हशीचं पोट तो अख्खा दाणा फोडू शकत नाही. म्हणून मधली वेळ.

एक फसवणूक सांगून ठेवतो. काही संकरित वाणांची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात. बांधावरून बघितलं तर वाटतं अजून पंधरा दिवस आहेत, आत कणीस मोडलं तर रेघ गेलेली. उलट पाण्याचा ताण पडलेल्या रानात खालची पानं करपतात आणि माणूस घाबरून कापतो, तर धाट पाण्यानं भरलेलं. पानावरून ठरवू नका.

४. ओल मोजा, कढईत

रेघ बघून अंदाज येतो, पण पैसे घालण्याआधी खात्री लागते. मुरघासाला पाहिजे शुष्क पदार्थ, म्हणजे सगळं पाणी उडवल्यावर जे उरतं ते, शंभरात ३० ते ३५.

रेघ पाव सरकली की हे करा. रानातल्या पाच-सहा ठिकाणची एकेक ताटं, कणसासकट, ज्या उंचीवर कापणार त्याच उंचीवर कापा. सगळ्याची कुट्टी करा, खाली-वर कालवा आणि त्यातली बरोबर ५०० ग्रॅम कढईत घ्या. मंद आचेवर परतत राहा, भाजायचं नाही, वाळवायचं. पहिल्यांदा भाजलेल्या कणसासारखा वास येईल, घरातली पोरं चुलीभोवती जमतील. मग गवताचा येईल आणि आई विचारेल हे अजून किती वेळ. दर दहा मिनिटांनी वजन करा. दोनदा वजन तेवढंच भरलं की थांबा.

माझ्या वहीतली तिसऱ्या वर्षीची नोंद: ५०० चे राहिले १४०. म्हणजे २८ टक्के. थांबलो. आठ दिवसांनी ५०० चे १६४. जवळजवळ ३३ टक्के. दुसऱ्या दिवशी कुट्टीवाल्याला बोलावलं.

रोज साधारण अर्धा टक्का पाणी उतरतं, कडक उन्हात त्याहून जास्त. म्हणून २८ आला तर पुढचे आठ-दहा दिवस हातात आहेत असं धरून मशीन ठरवता येतं. मायक्रोवेव्ह असेल तर १०० ग्रॅम घ्या, शेजारी पेलाभर पाणी ठेवा आणि दोन-दोन मिनिटं चालवून वजन करा. नुसतं उन्हात वाळवून केलेलं माप धरू नका, त्यात पाणी राहतंच.

कढई नकोच असेल तर मुठीची परीक्षा. ताजी कुट्टी मुठीत घट्ट दाबून तीस अंक मोजा आणि मूठ उघडा. बोटांतून पाणी गळालं तर फार ओला. गोळा तसाच राहिला आणि तळहात ओला झाला तर अजून थोडा ओला. गोळा हळूहळू उमलला, हाताला नुसती दमट जाणीव, तर कापा. उघडताच भुरभुर सुटला तर उशीर झाला. ही परीक्षा अनुभवाच्या हाताला पटते, पहिल्या वर्षी मात्र कढईच करा.

ओल्या मालाचा तोटा वजनात लपतो, तो उघड करून दाखवतो. पहिल्या वर्षीचे माझे नऊ टन अंदाजे २२ टक्क्यांचे होते, म्हणजे खरी वैरण दोन टनांच्या आत. त्याच रानातून योग्य वेळी आठ टन निघाले असते तर ३३ टक्क्यांनी २,६४० किलो. टेम्पोत जास्त भरलं, गव्हाणीत कमी पडलं. मुरघास किंवा उभा मका विकत घेताना हेच लक्षात ठेवा. समजा दर किलोला ५ रुपये आहे. २२ टक्क्यांच्या मालात सुक्या वैरणीचा किलो जवळपास २३ रुपयांना पडतो, ३३ टक्क्यांच्या मालात १५ रुपयांना. विकणारा लवकर का कापतो ते आता कळलं असेल.

आणि पाण्याबरोबर नासही येते. मुरघास टिकतो तो लॅक्टिक आम्लावर. पिशवीतली हवा संपली की चांगले जिवाणू साखरेचं आम्ल करतात, सामू (पीएच; जितका कमी तितका माल आंबट) चारच्या आसपास येतो आणि लोणच्यासारखा माल टिकतो. माल फार ओला असला की आम्ल पातळ पडतं, सामू पुरेसा उतरत नाही आणि दुसरे जिवाणू ब्युटिरिक आम्ल करतात. खवट तुपाचा तो वास त्याचाच, साबणानं धुतला तरी हातावरून जात नाही. फार सुक्या मालात उलटं होतं: तुकडे दबत नाहीत, मध्ये हवा राहते, माल तापतो आणि बुरशी धरतो. तळाचं काळं पाणी ओढ्या-विहिरीकडं सोडू नका, ते पाणी नासवतं आणि मासे मारतं.

५. मशीनवाल्याच्या तारखेवर जाऊ नका

माझी दोन्ही वर्षं खरं तर इथंच गेली. पहिल्या वर्षी पाहुण्यांचं मशीन शेजारच्या गावात आलं होतं, "आलोय तोवर करून टाकू" म्हणाले, आणि मी दाणा न बघता हो म्हटलं. दुसऱ्या वर्षी एकाच माणसावर राहिलो, त्याचा ट्रॅक्टर बंद पडला.

रेघ पावावर आली की फोन करा, दोघांना करा, आणि "अमुक तारखेपासून चार दिवसांत" असं सांगा. एकच तारीख धरून ठेवू नका. माणसंही तेव्हाच सांगा. लग्नसराई आणि ऊसतोड एकदम आली तर माणूस मिळत नाही. आठ दिवस उशीर होणार हे आधीच दिसत असेल तर मी म्हणेन चार दिवस लवकर कापा. थोडा ओला माल सावरता येतो, फुटत नसलेला दाणा नाही.

लष्करी अळीसाठी फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी (फवारल्यावर किती दिवस कापायचं नाही तो) बघा. पोंग्यात टाकलेलं औषध शेवटी म्हशीच्याच पोटात जायचं आहे.

६. कापल्यावर घड्याळ सुरू

जमिनीपासून चांगली चार-सहा बोटं वर कापा, बुडखा मातीनं भरलेला असतो. कुट्टी एक ते दोन सेंटिमीटर. दाण्याची रेघ अर्ध्याच्या पुढं गेली असेल तर बारीक करा, दाणा फुटला पाहिजे. मूठभर कुट्टी बादलीत पाण्यात टाका, पाला वर तरंगतो, दाणे तळाला बसतात. त्यातले अख्खे दाणे बोटांवर मोजण्याइतकेच असावेत. जास्त असतील तर मशीनच्या पात्यांना धार लावायला सांगा. तो कुरकुर करेल. करू दे.

भरण दोन दिवसांत संपवा. वीतभर थर टाकायचा, तुडवायचा, कोपरे जास्त तुडवायचे. पिशवी भरली की हवा दाबून काढा, अस्तर पिळून दुमडून सुतळीनं आवळा. खड्डा असेल तर ट्रॅक्टर फिरवा, वर प्लास्टिक घालून कडेपासून वजन ठेवा. पिशव्या सावलीत, उंदीर आणि कावळ्यांपासून लांब. कावळा प्लास्टिकला भोक का पाडतो ते देवाला माहीत, पण पाडतो. दिसलं भोक की चिकटपट्टी.

गूळ घालायचा का? आपण कोल्हापूरचे, गूळ सगळ्यात घालतो. पण वेळेवर कापलेल्या मक्यात साखर पुरेशी असते, गुळाची गरज नाही. गूळ लागतो तो हत्ती गवतासारख्या साखर कमी असलेल्या वैरणीला. चुकीच्या वेळी कापलेला मका गुळानं सुधारत नाही, हे मी किलोभर खर्चून बघितलंय.

७. वेळ चुकलीच तर

लवकर कापला गेला: कापलेली ताटं चार-सहा तास उन्हात पसरून मग कुट्टी करा. किंवा वाळलेल्या कडब्याची कुट्टी मिसळा. हिशोब असा: माल २४ टक्क्यांचा असेल तर टनाला साधारण एक क्विंटल कडबा घातला की ३० पर्यंत येतो. नीट कालवून घाला, थर देऊ नका.

उशीर झाला: कुट्टी आणखी बारीक, तुडवण दुप्पट, आणि पिशवी लहान घ्या म्हणजे फोडली की लवकर संपेल. वरून पाणी शिंपडून काही होत नाही, पाणी पृष्ठभागावरच राहतं. हिरवं हत्ती गवत हाताशी असेल तर ते मिसळा.

कणसं विकून उरलेल्या धाटाचा मुरघास करणारे पुष्कळ आहेत. करा, पण त्याला दाण्याच्या मुरघासाएवढं मानू नका. स्टार्च बाजारात गेला, घरी राहिलं पाणी आणि तंतू. एक दिवस सुकवून भरा आणि भरड्यानं (भरडलेल्या धान्यानं) भर काढा.

ताण पडलेल्या रानावर एकदम पाऊस झाला, त्यातही युरिया भरपूर टाकलेला असेल, तर धाटाच्या बुडात नायट्रेट साठतं. पाच-सात दिवस थांबा आणि नेहमीपेक्षा उंच कापा. मुरघासात ते बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. अशा मालाच्या खड्ड्यात पहिले दोन-तीन आठवडे पिवळट-तपकिरी विषारी वायू साठू शकतो. खोल खड्ड्यात तर कधीच एकट्यानं उतरू नका. आतला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

८. ज्वारी, बाजरी, ओट

नियम तोच, खुणा वेगळ्या.

ज्वारीचं कोवळं कडवळ विषारी, त्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. गुडघाभर वाढीत आणि ताण पडून नव्यानं फुटलेल्या फुटव्यात ते जास्त. निम्मं रान फुलोऱ्यात आल्याशिवाय कापूच नका. मुरघासासाठी दाणा मऊ पिठाळ असताना कापा. ज्वारीचा दाणा बारीक आणि टणक, कुट्टी मशीनमधून तो सहज सुटतो, त्यामुळं इथं उशीर मक्यापेक्षा महाग पडतो. बाजरीचंही तसंच, फुलोरा ते दुधाळ दाण्यात घ्या, पाणी जास्त असतं म्हणून सुकवून.

ओट मजेशीर आहे. कणीस पोटरीत (अजून पानाच्या आवरणात) असताना कापला तर प्रथिनं जास्त आणि पचायला हलका, पण वजन कमी आणि पाणी ८० टक्क्यांच्या वर. सुकवल्याशिवाय भरायचा नाही. फुलोऱ्यात धाट जून होतं आणि दाणा अजून नसतो, ही वेळ शक्यतो टाळा. नंतर दाणा मऊ पिठाळ झाला की एकूण माल जास्त मिळतो. व्यायलेल्या, दूध जास्त देणाऱ्या जनावराला पोटरीतला, भाकड आणि वाढत्या पारड्यांना पिठाळ दाण्याचा. ओटची काडी पोकळ असते, हवा धरून ठेवते, म्हणून कुट्टी बारीक आणि तुडवण जोरात.

९. फोडताना

तीन आठवड्यांत मुरघास होतो, मी पंचेचाळीस दिवस थांबतो. चांगला माल पिवळट हिरवा, आंबूस, तोंडाला पाणी सुटावं असा. तपकिरी आणि तंबाखूसारखा वास आला तर तो तापलाय, त्यातलं प्रथिन वाया गेलं. बुरशी धरलेला भाग काढून लांब पुरा, गाभण म्हशीला तर अजिबात घालू नका. फोडलेली मोठी पिशवी आठवड्यात संपवा. खड्ड्याची पूर्ण रुंदी रोज वीतभर तरी कापत आत जा, मधूनच उकरू नका.

पहिले आठ दिवस ५ किलोपासून वाढवत न्या. मक्याच्या मुरघासात प्रथिन कमी असतं, म्हणून पेंड किंवा लसूणघास जोडीला हवीच.

आणि खाऊ घालायला लागल्यावर आठवड्यानं एक काम करा, घरच्यांनी नाक मुरडलं तरी. ताज्या शेणाचा एक पो जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. राहिलेले दाणे मोजा, वहीत केस आल्याच्या तारखेशेजारी आकडा लिहा. माझ्या दुसऱ्या वर्षीच्या पानावर ४१ लिहिलंय, तिसऱ्या वर्षीच्या पानावर ६. यंदा मोजले तेव्हा ११ निघाले, म्हणून पुढच्या खेपेला तीन दिवस आधी कापणार आहे.